मुके शिंगाळे

शिंगाळा आमच्या घरात कधी शिजला नाही. खाडीकाठी राहून माशांच्या बाबतीत नखरे करणारी जी माणसं असतात, त्यातले आम्ही. बोय चालते, काळुंदर चालतो, चिंबोऱ्यांच्या रश्श्यासाठी तर पाहुणे सांगून येतात. पण शिंगाळा म्हटलं की माझ्या सासूबाई नाक मुरडायच्या. "तो काय वाट्टेल ते खातो," एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. लांब मिशा घेऊन तळाच्या चिखलातून फिरणारा हा मासा. वरून पाण्यात पडेल ते त्याचं जेवण, मग ती मासे साफ केल्यावरची घाण असो, कोंबडीच्या दुकानातली आतडी असोत, नाहीतर पुरात वाहून आलेलं मेलेलं जनावर. गावात पुष्कळ घरी तो आवडीनं खातात. आमच्याकडे नाही म्हणजे नाही.

आणि माझ्या सासऱ्यांना वेड नेमकं ह्याच माशाचं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, उभी हयात बोटीवर होते. इंजिनच्या खोलीत तेलपाणी बघायला म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. जग पाहिलं म्हणावं, तर ते त्यांनी बहुतेक नांगरलेल्या बोटीच्या मागच्या कठड्यावरून पाहिलं. आफ्रिकेतल्या, दक्षिण अमेरिकेतल्या मोठमोठ्या नद्यांत त्यांची बोट आत शिरायची आणि धक्का मोकळा होईपर्यंत आठवडेच्या आठवडे पडून राहायची. नदी एवढी रुंद की पलीकडचा काठ म्हणजे नुसती हिरवी रेघ. बोटीवरचा स्वयंपाकी उरलंसुरलं मागच्या अंगानं पाण्यात टाकायचा आणि ते खायला शिंगाळ्याच्या जातीतले राक्षस खालून वर यायचे. मग बाबा आणि त्यांचे सोबती इंजिनच्या खोलीत सळी वाकवून, कानशीनं घासून गरी बनवायचे, तिला कोंबडीचं डोकं अडकवायचे आणि कठड्यावरून दोर सोडून बसायचे. दोघातिघांनी मिळून ओढावा असा एकेक मासा. ह्या गोष्टी मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. दर वेळी मासा थोडा वाढतो. आता तो आमच्या पडवीत मावणार नाही इतका झालाय.

घरी आल्यावर त्यांना ती नदी कुठे मिळणार? पण आमच्या गावापाशी वाशिष्ठी चांगली रुंद होते. तिथे ती धड नदी राहत नाही, धड खाडीही होत नाही, भरतीला उलटी वाहते आणि ओहोटीला सुलटी. पूर्वी पलीकडच्या गावाला जायला जिथून होडी सुटायची, त्या जागेला अजून ‘तर’ म्हणतात. पूल झाल्यापासून तिथे फारसं कोणी जात नाही. बाबांची छोटी होडी त्या तरीवर बांधलेली असायची. भरतीचं पाणी थांबलं की ते होडीत जाऊन बसायचे, काठाशीच, दोर खांबाला बांधलेला ठेवून. मिळालेला मासा तरीवरच कोणालातरी देऊन रिकाम्या हातानं घरी. सासूबाईंना घरात तो वासही चालत नसे.

सासूबाईंचा आवाज काय सांगू! त्या मागच्या दारी बोलल्या की पुढच्या दारी झोपलेला कुत्रा उठून बसायचा. नवऱ्याला चहाला हाक मारायच्या ती वाडीतल्या सगळ्यांना चहाची वेळ झाल्याची खूण. त्या गेल्या आणि घर एकदम शांत झालं. उरलो मी आणि बाबा. नवऱ्याची नोकरी मुंबईत, महिन्यातून एकदोनदा शनिवारी यायचा आणि रविवारी जायचा. मी घरीच शिवणकाम करते. दिवसभर मान खाली, पाय मशीनवर.

आणि त्याच सुमाराला बाबांचं काहीतरी बिघडायला लागलं.

पहिल्यांदा मला राग यायचा, भीती नंतर आली. पाण्याची टाकी भरून धो धो वाहतेय आणि बाबा तिच्याखालच्या पायरीवर निवांत पेपर वाचतायत. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होतायत, मी आंघोळीला गेलेली, बाबा स्वयंपाकघरातच उभे आणि गॅस बंद करायचं नाव नाही. जेवायला बोलवावं तर येत नसत, आणि थोड्या वेळानं विचारत, "आज जेवण नाय काय?" चुलत घरातल्या लग्नाचं मी त्यांना सांगितलं होतं, त्यांनी "हो हो" म्हटलं होतं. लग्नाच्या दिवशी सदरा इस्त्री करून ठेवला तर म्हणाले, "मला कोणी सांगितलंच नाय." मी मनात म्हटलं, झालं!

सगळ्यात वाईट प्रसंग वेगळाच. ओळखीतले एक गृहस्थ आपल्या भावाच्या निधनाची बातमी घेऊन आले. सांगताना ते कसनुसं हसले, काही माणसांना दुःख सांगताना हसू येतं तसं. बाबाही त्यांच्याबरोबर हसले आणि म्हणाले, "बरं झालं, बरं झालं." त्या गृहस्थांनी पाणीसुद्धा न पिता चप्पल घातली. मी दारात मेल्याहून मेल्यासारखी उभी.

त्यात हिंग. माझी हिंगाची डबी सारखी रिकामी व्हायला लागली. आमटीला चिमूटभर हिंग लागतो, महिना महिना पुरतो. एक दिवस केळीखालची माती उकरताना एक पत्र्याचा डबा लागला. उघडला तर आत कुजलेली आतडी, बांगड्याची डोकी, कणीक आणि माझा हिंग. त्या वासानं मी जी पळाले ती थेट विहिरीपाशी. म्हाताऱ्या माणसानं घरातला हिंग चोरून सडक्या घाणीत मिसळावा आणि पुरून ठेवावा, ह्याचा दुसरा काय अर्थ लावणार? मी नवऱ्याला फोन केला आणि रडले. तो म्हणाला, त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या आईचं अगदी असंच सुरू झालं होतं. शेवटी ती घरातून बाहेर पडली ती सापडली नाही.

त्यानंतर मला खाडीकडे बघायचीच भीती वाटायची. समोरच्या चिखलाच्या पट्टीवर हिवाळ्यात मगरी ऊन खात पडलेल्या असतात. आजवर त्यांनी कुणाला काही केल्याचं मी ऐकलं नव्हतं, पण भ्रमिष्ट माणसाचा काय भरवसा? नवऱ्यानं ठरवलं की बाबांना मुंबईला न्यायचं. तिथे मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं आणि मग तिथेच ठेवायचं. तो मित्राबरोबर एका खोलीत राहतो, तिथेच ह्यांची सोय. सातवा मजला, खिडकीला जाळी. बाहेर जाताना दार बाहेरून बंद करता येतं हेही तो म्हणाला. मला ते पटत होतं आणि सहनही होत नव्हतं. बाबांना जाळीच्या खिडकीत उभं असलेलं डोळ्यांपुढे आणलं की मशीनची सुई बोटात जायची वेळ यायची.

हे सगळं बोलणं घरातच झालं, पण बाबांच्या कानावर जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात.

दिवाळी होऊन थंडी पडू लागली होती. नवरा शनिवारी दुपारी येणार आणि रविवारी बाबांना घेऊन जाणार असं ठरलं. शनिवारी सकाळी बाबा नेहमीप्रमाणे तरीवर गेले. ऊन चढलं तरी येईनात, म्हणून मी साडी खोचली आणि निघाले.

होडी खांबाला बांधलेली होती आणि बाबा तिच्यात माझ्याकडे पाठ करून बसले होते. "बाबा," मी हाक मारली. हलले नाहीत. पुन्हा हाक मारली. काही नाही. मान जराशी पुढे झुकलेली, नजर पाण्यावर. म्हटलं, ह्यांना आता आपलं नावगाव तरी आठवतंय का? मी चिखलातून गेले आणि होडीच्या कडेला हात टाकला. होडी हलली तसे ते दचकून वळले, आणि मला बघून त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मलाच लाज वाटली.

"तू कशाला आलीस गो एवढ्या चिखलात?" ते म्हणाले. "ये, बस. पाणी थांबलंय, आता लागेल बघ."

मी बसले. वास तोच, केळीखालच्या डब्याचा. डबा त्यांच्या पायाशी उघडा होता. त्यातला गोळा त्यांनी मला कौतुकानं दाखवला. "हिंग घातला ना, की लांबून वास लागतो त्यास्नी. आफ्रिकेत आमचा स्वयंपाकी करायचा. सासूला सांगू नको म्हणायची पण सोय नाय आता, तीच गेली."

हिंगाचा उलगडा झाला तरी माझा जीव भांड्यात पडला नाही. टाकी, कुकर, ते गृहस्थ, सगळं होतंच. इतक्यात दोर ताणला. बाबा घाईगडबड न करता उभे राहिले आणि हातावर हात टाकत दोर ओढू लागले. कोपराएवढा लांब शिंगाळा होडीत येऊन पडला, राखाडी, गुळगुळीत, मिशा थरथरतायत. बाबांनी त्याच्या डोक्यावर चप्पल ठेवली आणि पक्कड घेतली. ह्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे काटे असतात. ते आधी मोडायचे, मगच तोंडातली गरी काढायची. काटा लागला तर हात सुजून वेदनेनं माणूस लोळतो.

आणि तो मासा ओरडत होता. मी शिंगाळ्याचा आवाज कधी ऐकला नव्हता, घरात आलाच नाही तर ऐकणार कुठून? गंजलेल्या बिजागरीसारखा कर्रर्र, कर्रर्र, लाकडाच्या होडीत तो चांगला घुमत होता. मला कानांवर हात ठेवावेसे वाटले.

बाबा शांतपणे काटे मोडत म्हणाले, "पूर्वी काय आरडायचे हे, तुला सांगतो! होडीत टाकला की करकर, करकर, नुसत्या शिव्या घालायचे. आफ्रिकेतले तर बोटीच्या भोंग्यासारखे. हल्ली मुके झालेत सगळे. हा बघ, आवाज नाय त्याचा. पाणी बिघडलंय गो आपलं."

शिंगाळा आम्हा दोघांच्या मधे होता आणि जीव खाऊन ओरडत होता.

आधी मला वाटलं, हेही त्यातलंच, डोकं गेल्याचं. मी माशाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. ते दुसरा गोळा मळायला पाठमोरे झाले होते. मी हळूच म्हटलं, "बाबा." मग जरा मोठ्यानं. मग मी वल्हं उचललं आणि त्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर मारलं. पलीकडच्या खारफुटीतले बगळे उडाले. बाबा गोळा मळत होते.

डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. टाकी. कुकर. माझं ते खाली मान घालून मशीनवरून पुटपुटणं. सासऱ्यांसमोर सुनेनं हळू बोलावं, तोंड वर करून बोलू नये, ही माझ्या माहेरची शिकवण, आणि मी ती इमानानं पाळत होते. नवरा तर आजही वडिलांसमोर जमिनीकडे बघून बोलतो. ह्या घराण्यात बापापुढे कोणी आवाज चढवत नाही, आणि ह्याचा सगळ्यांना केवढा अभिमान! बाबांशी ओरडून बोलणारं एकच माणूस होतं, ते गेलं. जन्मभर इंजिनशेजारी उभं राहिलेले कान हळूहळू गेले, आणि आम्ही आपले आदरानं कुजबुजत राहिलो.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळी लाज गुंडाळून ओरडले, "बाबा! हा मासा ओरडतोय!"

ते चमकले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग खाली वाकून त्यांनी माशाच्या अंगावर तळवा ठेवला, आणि तसाच ठेवून राहिले. हाताला तो कंप लागला असणार. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"हा बोलतोय?" त्यांनी विचारलं.

मी जोरजोरात मान हलवली.

"कधीपास्ना?"

"पहिल्यापासून!"

ते फळीवर बसले. मला वाटलं, बहिरेपणाचा धक्का बसला. पण त्यांनी जे विचारलं ते भलतंच होतं.

"मग घरात तुम्ही कुजबुजता ते?"

"कोण कुजबुजतं?" मी ओरडले.

"तुम्ही सगळी. ती गेल्यापासून. तोंडं हलतात, आवाज येत नाय. मला वाटलं, माझ्यापासून लपवून बोलता. म्हटलं, म्हातारा जड झाला असेल. तुमचं पण बरोबर हाय. विचारायचं कशाला, म्हणून मी आपला हो हो करायचो." मग ते म्हणाले, "बॅग भरून ठेवलीय मी. उद्या न्यायचंय ना मला? तेवढं कळलं मला, तोंडं बघून."

मला रडू आलं आणि रडताना हसूही येत होतं, दोन्ही एकदम, नाक वाहतंय, हाताला तो घाणेरडा वास. एवढं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. ह्यांचं डोकं शाबूत होतं! जास्तच शाबूत होतं, आमचं सगळं बोलणं न ऐकता त्यांनी ओळखलं होतं. आम्ही समजत होतो की बाबा आमच्यापासून लांब चाललेत, आणि ते समजत होते की आम्ही त्यांना लांब करतोय. मी त्यांच्या कानात ओरडले की कोणी काही लपवत नव्हतं, कोणाला ते जड झालेले नाहीत, आम्हीच मूर्ख, आणि त्यांच्याशिवाय त्या घरात मला एक दिवस करमणार नाही. पलीकडे पाग टाकणारा एक माणूस हातातलं जाळं तसंच धरून आमच्याकडे बघत उभा होता. बघू दे म्हटलं.

पुढे कानांच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी तपासून यंत्र दिलं. ते बाबा कधी लावतात, कधी खिशात ठेवतात. यंत्रानं सगळं ऐकू येतं, नको तेही, अशी त्यांची तक्रार आहे. पण तो भाग नंतरचा.

त्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा नवरा नुकताच येऊन पडवीत बसला होता, चेहरा सुतकी. बाबा पाय धुवायला विहिरीकडे गेले. मी त्याला सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. म्हणाला, "बहिरे असते तर कळलं नसतं का आपल्याला?" आता येणारा-जाणाराही तेच विचारतो. मी म्हटलं, "हाक मारून बघ."

तो अंगणात गेला. "बाबा," त्याच्या नेहमीच्या आवाजात. बाबा पाठमोरे पायावर पाणी ओतत राहिले.

"मोठ्यानं," मी म्हटलं.

"बाबांवर ओरडू?" त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला घर पेटवायला सांगतेय. पन्नाशीला आलेला माणूस, घाम फुटला त्याला. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यानं डोळेच मिटून घेतले आणि ओरडला, "बाबाऽऽ! तुम्ही कुठे जायचं नाही! इथेच राहायचं! आपल्या घरात!"

शब्द संपले तरी त्याचे डोळे मिटलेलेच होते. बाबा वळले. दगडी गडग्यापलीकडच्या काकू हातातलं सूप टाकून धावत आल्या. आमच्या घरातून असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. "काय झालं? भांडण लागलं की काय बापलेकाचं?"

बाबांनी लोटी खाली ठेवली. "भांडण नाय गो," ते म्हणाले, "पोरगा बोलतोय माझ्याशी."